हसली की रुसली

त्या दिवशी सकाळी तिरीप जिना चढली ती दोन-दोन पायऱ्या गाळत, आणि वर पोचल्यावर तिला कळलं की बॅग खालीच राहिली. बॅग आणायला खाली गेली, खालच्या सायकलवाल्याशी हसून बोलली, पुन्हा वर आली आणि बॅग पुन्हा खालीच. तिसऱ्या खेपेला सायकलवाल्याने बॅग तिच्या गळ्यातच अडकवली आणि म्हणाला, "ताई, आज काय जमिनीवर चालायचं नाही असं ठरवलंय का?"

तिने ठरवलं काहीच नव्हतं. माणसाच्या मनात एखादा होकार भरून राहिला ना, की पाय आपोआप उचलले जातात. देवाने माणूस मातीचा केला खरा, पण त्यात कधीकधी वारा जरा जास्तच भरला जातो.

तिरीप हे तिचं टोपणनाव. दिवसभर तिच्या तोंडी किरण, किरण आणि किरण, म्हणून भिंगांच्या त्या छोट्या कारखान्यात सगळे तिला तिरीप म्हणत. कारखाना तीन खोल्यांचा आणि तिच्या सख्ख्या मावशीचा. पुढच्या खोलीत मावशीचं टेबल आणि गिऱ्हाइकांचा सोफा. मधली खोली अंधारी, तिथे तिरीपचा कॉम्प्युटर आणि भिंतभर पडदा. मागच्या खोलीत काच घासायची यंत्रं, बेसिन आणि घासू.

घासू म्हणजे कारखान्यातला सगळ्यात चांगला काच घासणारा. शाळेत पुस्तकं घासून पहिला यायचा तेव्हापासून ते नाव चिकटलेलं. पुढे तो खरोखरच घासायला लागला, मग ते नाव कोण काढणार?

दोघांचं काम एकमेकांत अडकलेलं. भिंग आधी तिरीपच्या कॉम्प्युटरवर घडायचं आणि मग घासूच्या हातात. काच किती जाड, तिची गोलाई किती, दोन काचांमध्ये अंतर किती आणि त्या भिंगाच्या पोटात जे भोक असतं, ज्याला कॅमेरावाले अ‍ॅपर्चर म्हणतात, ते केवढं आणि कसल्या आकाराचं, एवढं सांगितलं की तिचा प्रोग्रॅम खोट्या दिव्यांतून खोटे किरण सोडायचा. किरण निघाले, काचेला भिडले, काचेत वाकले, भोकातून निसटले, पडद्यावर पडले! एक नाही, दहा नाही, कोट्यवधी. पहिल्यांदा पडद्यावर नुसती वाळू दिसायची, मग वाळूतून हळूहळू चित्र उगवायचं. जे भिंग अजून जन्मालाच आलं नाही, त्यातून काढलेला फोटो! तिरीपला ते दरवेळी पाहताना हात जोडावेसे वाटत, आणि कुणी बघत नसलं तर ती जोडतही असे.

आता या कारखान्याची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातूनच झाला.

घासलेलं भिंग तपासून झालं की मावशी ते एका कागदाच्या पुडीत ठेवायची आणि पुडीवर मेणाच्या पेन्सिलीने एक बाक काढायची. भिंग मनासारखं उतरलं असेल तर दोन्ही टोकं वर, हसऱ्या ओठांसारखा बाक. त्याला म्हणायचं हसली. पुन्हा घासायला पाठवायचं असेल तर दोन्ही टोकं खाली. ती रुसली. शेरा नाही, सही नाही. गेली कित्येक वर्षं त्या खोल्यांमध्ये कुणी हो किंवा नाही म्हणतच नसे. "चहा घेणार का गं?" "हसली." "उद्या सुट्टी मिळेल का मावशी?" "रुसली!"

आदल्या दिवशी घासू बेसिनवर हात धूत होता. कोपरापर्यंत पॉलिशचा गुलाबी चिखल. तिरीप कप विसळायला आली तसा तो म्हणाला, "ऐक ना."

"ऐकतेय."

"माझ्याकडे बघू नकोस. नळाकडे बघ."

तिने नळाकडे बघितलं.

"लांबच्या एका काच कारखान्याने बोलावलंय मला. मोठा कारखाना आहे. उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"मग जा की," ती बोलून गेली आणि कप तिच्या हातातून सिंकमध्ये पडला.

"जाणारच आहे. म्हणजे कुणी थांबवलं नाही तर."

"कोण थांबवणार?"

घासूने साबण इतका घासला की तो अर्धा झाला. "तेच विचारतोय."

"अरे, तू मला लग्नाचं विचारतोयस का?"

"मी कुठे विचारलं? तूच आत्ता बोललीस लग्नाचं!" तो कानांपर्यंत लाल झाला. मग घाईघाईने म्हणाला, "आणि तोंडाने नको सांगूस हं. तू हो म्हणालीस तर मी पडेन, नाही म्हणालीस तरी पडेन, आणि उद्या भिंग बघायला येणाऱ्या त्या कॅमेरामनच्या नमुन्याची काच अजून माझ्या हातात आहे."

"मग कसं सांगू?"

"आपली खूण आहे ना. हसली की रुसली. कुठेही काढून ठेव, मी बघेन. दिसली नाही तर मी समजून घेईन."

एवढं बोलून तो यंत्राकडे पळाला. नळ तसाच वाहत राहिला.

आता खरं सांगायचं तर एका पुडीवर एक बाक काढला असता की काम संपलं असतं. पण तिरीपला ते कंजूषपणाचं वाटलं. एवढा मोठा होकार, आणि मेणाच्या पेन्सिलीची एक रेघ? रात्रभर तिच्या डोक्यात दिवे लागले. सकाळी तिने आईच्या चहात मीठ घातलं, आई म्हणाली, "काय गं, कुणाचा राग माझ्या चहावर?" आणि तिरीप आईच्या गळ्यातच पडली. आईला काही कळलं नाही, पण गळ्यात पडलेली मुलगी कोण झिडकारतं?

तर अशी ती बॅग गळ्यात घालून अंधाऱ्या खोलीत शिरली आणि कामाला लागली. दुपारी तो कॅमेरामन नव्या भिंगाचं चित्र बघायला येणार होता. त्याच्यासाठी तिने एक खोटी बाग रचून ठेवली होती. पुढे एक मुलगी कप घेऊन उभी, तिच्या मागे झाडाझाडावर दिव्यांच्या माळा, आणि सगळ्यात मागे एक उंच घड्याळ. मुलीवर फोकस धरला की मागचे दिवे पसरट होतात, हे आपण फोटोत पाहतोच. पण त्या पसरट ठिपक्यांचा आकार कुणाचा असतो? भोकाचा! भोक गोल तर दिवे गोल. भोक षटकोनी तर दिवे षटकोनी. प्रत्येक दिवा बिचारा जाता जाता त्या भोकाचाच आकार अंगावर घेऊन जातो.

तिरीपने गोल भोक काढून टाकलं आणि तिथे हसऱ्या ओठांसारखी एक बाकदार फट घातली.

मग कळ दाबली. पडद्यावर वाळू पडली. वाळू दाटली, झाडं आली, मुलगी आली, आणि तिच्या मागे एकेक दिवा उमलायला लागला. हसली. हसली. हसली! झाडभर हसली, माळभर हसली, कुंपणापर्यंत सगळीकडे हसलीच हसली. तिरीपने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, नाहीतर मावशी पुढच्या खोलीतून धावत आली असती.

बेत सोपा होता. मावशी जेवायला घरी गेली की घासूला इथे आणून उभं करायचं, दिवे दाखवायचे आणि मग कॅमेरामन यायच्या आत भोक पुन्हा गोल करून टाकायचं.

पण देवाला बहुधा हा बेत फारच सरळ वाटला असावा. मावशी जेवायला निघणार तेवढ्यात जिन्यात खोकल्याचा आवाज आला. कॅमेरामन. पांढऱ्या केसांचा, पांढऱ्या भुवयांचा आणि काळा चष्मा डोक्यावर चढवलेला.

"लवकर आलो," तो सोफ्यावर न बसताच म्हणाला. "चित्र तयार आहे ना?"

"कालपासून तयार आहे," मावशीने ठोकून दिलं आणि त्याला सरळ मधल्या खोलीत आणलं.

"मावशी, मला दोनच मिनिटं..." तिरीप खुर्चीतून उठली.

"दोन मिनिटं आरशासमोर घालवायची होतीस, केस बघ ते. चल, चालू कर."

आता काय करणार? तिरीपने मनात म्हटलं, देवा, तू आणि मी, दोघं मिळून निभावून नेऊ. आणि चित्र भिंतीवर टाकलं.

मावशी पुढे वाकली. "हे गं काय? दिवे का हसताहेत?"

"नमुना आहे," तिरीप म्हणाली. "म्हणजे... भोक कसंही करता येतं हे दाखवायला."

मावशी कपाळावर हात मारणार होती, पण तिने कॅमेरामनकडे पाहिलं आणि हात तिथेच थांबवला. तो पडद्याजवळ गेला, एक दिवा अगदी नाकाजवळून पाहिला. मग म्हणाला, "अरेच्चा! मी आयुष्यभर गोल दिवे काढले हो. मला कुणी सांगितलंच नाही की ते हसू पण शकतात."

मावशीने हात हळूच केसांवरून फिरवला, जणू तो त्यासाठीच वर गेला होता.

"आता जरा मागच्या घड्याळावर फोकस न्या बरं," कॅमेरामन म्हणाला. "पुढची मुलगी धूसर होऊ दे. मला ते वळण बघायचंय."

तिरीपने फोकस मागे नेला आणि कळ दाबली. पडदा पुन्हा वाळूने भरला. नेमका तेव्हाच दरवाजा ढकलून घासू आत आला. हातात ट्रे, ट्रेमध्ये नमुन्याची काच, अंगावर धुतलेला शर्ट. वाळूत उमटू लागलेले ठिपके गोल नाहीत हे बघून तो तिथेच उभा राहिला. तिरीपकडे त्याने पाहिलं नाही. पण तिला कळलं की त्याला कळलंय. भोकाचा आकार बदललाय, आणि तो त्याच्यासाठी बदललाय. कारखान्यात दुसरं कोण असं करणार?

वाळू दाटत गेली. घड्याळाचे काटे स्वच्छ झाले. मुलगी पुढे धुकं होऊन राहिली. आणि मधल्या झाडांवर एकेक दिवा उमलायला लागला.

रुसली.

रुसली. रुसली. माळभर रुसली, झाडभर रुसली, कुंपणापर्यंत एकूण एक दिवा दोन्ही टोकं खाली घालून रुसलेला!

घासूने ट्रे अगदी जपून टेबलावर ठेवला. "काच आणलीय," तो म्हणाला आणि निघून गेला. दारसुद्धा आपटलं नाही त्याने. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

 तिरीप चित्राकडे बघत राहिली. भोक तर तेच होतं, केसभरही हललेलं नव्हतं!

"हे उलटं कसं झालं हो?" कॅमेरामन लहान मुलासारखा विचारत होता. "मघाशी हसत होते ना?"

"त्याचं असं आहे," तिरीप सवयीने बोलू लागली.  तिने दोन्ही हात पुढे धरले, एक वर, एक खाली. "दिव्यातून निघालेले किरण भिंगातून वाकतात आणि एका ठिपक्यात येऊन भेटतात. पण भेटले म्हणून थांबत नाहीत. तसेच पुढे जातात. मग वरचा खाली, खालचा वर." तिचे हात एकमेकांना ओलांडून गेले. "फोकस पुढे मुलीवर असला की मागच्या दिव्यांचे किरण भेटून, ओलांडून मग पडतात. फोकस मागे घड्याळावर नेला की त्याच दिव्यांचे किरण भेटायच्या आधीच अडतात. कॅमेऱ्यात चित्र उलटंच पडतं आणि आपण ते सुलटं करून बघतो, म्हणून ओलांडलेले सुलटे दिसतात आणि आधीच अडलेले उलटे. भोक तेच, दिवा तोच, नुसतं ते अजून भेटायचेत की भेटून झालंय यावर..."

ती बोलता बोलता थांबली. हात हवेत तसेच.

हे तिला माहीत नव्हतं का? पाठ होतं! नव्या आलेल्या प्रत्येकाला हेच समजावून सांगायची ती. पण काल रात्रीपासून तिच्या डोक्यात फक्त मुलीवर धरलेला फोकस होता. घड्याळ तिने स्वतःच्या हाताने त्या बागेत उभं केलं होतं आणि स्वतःच विसरली होती.

"अगं बाई!" ती ओरडली आणि खोलीतून पळाली.

"ही कुठे चालली?" कॅमेरामन म्हणाला.

"मलाही तेच कळायचंय," मावशी म्हणाली आणि निघाली. तिच्यामागे कॅमेरामनही निघाला, कारण चित्र सोडून जीव असलेलं काहीतरी चालू झालंय हे त्याच्या लक्षात आलं होतं.

मागच्या खोलीत यंत्र एकटंच फिरत होतं. घासू खिडकीपाशी फोन कानाला लावून उभा होता.

"ठेव तो फोन!"

"तोंडाने सांगायचं नाही असं ठरलंय," तो पाठ न वळवता म्हणाला. "आणि दिसलं मला. एक पुरेशी होती गं. एका नकाराला एवढे दिवे?"

"मी बोलत नाहीये. तू फक्त इकडे ये."

"होल्डवर ठेवलंय त्यांनी. साहेबांना देतायत."

तिरीपने काच बांधायच्या काळ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा उचलला, पात्याने त्यात एक बाक कापला आणि टोकं खाली करून तो पुठ्ठा एका भिंगावर टेकवला. टेबलावरचा दिवा पेटवून दूर ढकलला. खोलीतला मोठा दिवा बंद केला. मग भिंग दिव्यासमोर धरलं, पांढरा कागद घासूच्या मोकळ्या हातात कोंबला आणि त्याला भिंगाच्या अगदी जवळ ओढलं.

कागदावर एक स्पष्ट बाक पडला. टोकं खाली.

"रुसली," घासू म्हणाला. "कळलं म्हटलं ना. पुन्हा कशाला दाखवतेस?"

तिने मानेनेच खूण केली. मागे जा.

"काय?"

पुन्हा खूण. मागे.

तो एक पाऊल मागे सरला. कागदावरचा बाक लहान झाला. अजून एक पाऊल. अजून लहान, पण जास्त झगझगीत. दारात मावशी आणि कॅमेरामन एकमेकांना कोपरं मारत उभे होते आणि दोघांपैकी कुणालाच श्वास सोडायचं सुचत नव्हतं. घासूने अजून जरा कागद मागे घेतला आणि बाक मिटून नुसता एक ठिपका राहिला. इतका बारीक की डोळ्याला टोचावा.

"इथे तर काहीच नाही," तो हळूच म्हणाला. "ना हसली, ना रुसली."

फोनमधून आवाज आला, "हॅलो? हॅलो, बोला."

घासू फोनकडे बघेना आणि कागद हलवेना. तिरीपने मानेनेच पुन्हा मागची खूण केली. तिचे ओठ घट्ट मिटलेले. वचन म्हणजे वचन. पण डोळे असे मोठे केलेले की त्यांनी माणूस ढकलता आला असता.

आणि मग घासू, जो दिवसभर भिंगं घासतो, ज्याला हे सगळं तिच्याइतकंच पाठ आहे, तो एकदम "थांब..." म्हणाला. त्याचा चेहरा बदलला. त्याने घड्याळ आठवलं असावं, पुढची धूसर मुलगी आठवली असावी. "थांब थांब थांब. तिथे फोकस मागे होता!"

आणि तो मागे निघाला, एक पाऊल, दुसरं, कागद छातीशी धरून. ठिपका फुटला. फुटून पसरला, पसरून वाकला, आणि दोन्ही टोकं वर करून त्याच्या हातात मोठा मोठा होत गेला.

"हसली!" दारातून मावशी किंचाळली. तिच्या तोंडून आयुष्यात इतक्या जोरात हसली निघालं नव्हतं.

"हॅलो?" फोन म्हणाला. "तुमचं काय ठरलं? हो ना?"

"हो!" घासू फोनमध्ये ओरडला. "म्हणजे नाही! म्हणजे हो आहे, पण ते इकडचं हो आहे. तुमच्याकडे नाही हो साहेब, माफ करा, तुमच्याकडे रुसली!" आणि अजून एक पाऊल मागे टाकलं.

मागे पॉलिशच्या गुलाबी चिखलाचं घमेलं होतं.

तो त्यात बसला. पडला म्हणणं बरोबर नाही, तो अगदी मापात बसला, जणू ते त्याच्याच बैठकीसाठी घडवलं होतं. चिखल भिंतीपर्यंत उडाला, कॅमेरामनच्या पांढऱ्या भुवईवर एक थेंब, मावशीच्या नाकावर एक. घासूचा कागदवाला हात मात्र वरच होता, आणि त्यावर तो बाक अजून हसत होता.

 मग कॅमेरामन इतका हसला की त्याला दाराची चौकट धरावी लागली.

"बाई," तो डोळे पुसत मावशीला म्हणाला, "मला ते हसरं भोक आणि ते रुसकं भोक, दोन्ही हवीत."

"एकच आहे हो ते!"

"मग ते एक हवं. आणि हे दोघं शिकवायला हवेत. मी कुठे उभं राहायचं ते मला कळणार नाही."

मावशीने नाकावरचा थेंब पुसला आणि भाचीकडे पाहिलं. रागवायचं तिच्या मनात होतं. दिवसाढवळ्या, गिऱ्हाइकासमोर, कारखान्याच्या भिंगांनी! पण तिने खिशातून मेणाची पेन्सिल काढली, घमेल्याजवळ गेली, घासूच्या कपाळावर एक बाक ओढला आणि मान तिरकी करून, नेहमी पुडीकडे बघते तशी, त्याच्याकडे बघितलं.

"उतरला," ती म्हणाली.

तिरीप अजून भिंग धरून तशीच उभी. हात दुखायला लागले होते, पण भिंग खाली ठेवलं तर कागदावरचं हसू जाईल अशी तिला भीती.

"ए," घासू घमेल्यातून म्हणाला. "आता तोंडाने सांग."

"तू पडशील म्हणालास."

"आता कुठे पडणार? खाली जागाच नाही."

तिने भिंग टेबलावर ठेवलं. भिंतीवरचा, छतावरचा, कागदावरचा सगळा उजेड एकदम कुठेही जायला मोकळा झाला. आणि तिरीपने, काल बेसिनपासून आजपर्यंत दातांखाली धरून ठेवलेलं ते एवढंसं अक्षर, इतक्या मोठ्याने म्हटलं की खाली सायकलवाल्याने वर बघून विचारलं, "ताई, हाक मारली का?"